पद्मिनीचं इंजिन सुधारायचं आहे, पण पीयूसी खरीखुरी पास व्हायला हवी

कर्वेरोडकर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी १९९१ साली सेकंडहँड घेतलेली, पांढरी, स्टिअरिंगवरचे गिअर. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. गाडी झाकून ठेवायची नाही हे मी आणि आईने त्याच आठवड्यात ठरवलं. दर रविवारी ती निघते, आणि महिन्यातून एकदा आईला घेऊन साताऱ्याला जाते.

अडचण खंबाटकीला येते. १०८९ सीसीचं इंजिन, नवीन असताना ४० अश्वशक्ती. चार माणसं बसली की घाटात दुसऱ्या गिअरवर रखडते आणि मागचे ट्रक हॉर्न देत राहतात. म्हणून दिवाळीनंतर काम काढलं. बोअर करून ४० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाईज पिस्टन टाकले, रिंगा नव्या. नाना पेठेत एक वापरलेला वेबर ३२/३६ कार्बोरेटर मिळाला, दोन बॅरलचा. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमची प्लेट बनवून तो मूळ मॅनिफोल्डवर बसवला. पिकअप खरंच वाढला.

मग पीयूसीला गेलो. आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साईड) ५.६ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) १८५० पीपीएम. नापास. केंद्रातला मुलगा म्हणाला, "पाईप आत न घालता काढून देतो, थोडे जास्त द्या." मी गाडी वळवून परत आणली. या गाडीची पीयूसी बाबांनी एकदाही तशी काढली नव्हती, माझ्या हातून ती सुरुवात व्हायला नको आहे. त्यात मे महिन्यात आरसीचं नूतनीकरणही आहे.

वेबर काढून मूळ सोलेक्स कार्बोरेटर लावायचा हा सोपा मार्ग दिसतोय. पण सुधारलेलं इंजिन ठेवून प्रामाणिकपणे पास होणं शक्य आहे का? सुरुवात कुठून करू?

नाना_मिस्त्री

दादा, आधी एक सांग. बोअर केलंस, पिस्टन बदललेस, ते ठीक. हेडचं काय केलंस? व्हॉल्व्ह, गाईड, सीट पाहिले का, की हेड पुसून तसंच बसवलं?

बहुतेक वेळा गाडीमालकाचं बजेट खालच्या कामात संपतं आणि हेड तसंच वर चढतं. खाली नवीन रिंगांचा दाब आणि वर चाळीस वर्षांचे व्हॉल्व्ह. जो व्हॉल्व्ह आधीच कच्चा असतो तो मग लगेच बोलायला लागतो.

कार्बोरेटरला हात लावू नकोस. गाडी गरम कर, चारही प्लग काढ, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घे. चार आकडे इथे टाक. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल घालून पुन्हा घे. आकडा चढला तर दोष रिंगांचा. तिथंच राहिला तर व्हॉल्व्हचा.

आणि डेल्कोचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, शाफ्ट हाताने हलवून बघ. आडवा हलत असेल तर बुश गेलंय. मग आतले सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे) कितीही नीट लाव, प्रत्येक सिलिंडरला टायमिंग वेगळं मिळणार.

आरसीबुक

कायद्याच्या बाजूने मी लिहितो. हे काम मी व्यवसायाने करतो.

पीयूसीची मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ मध्ये आहे. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम. स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ०.५ आणि ७५०. स्टेज चारला ०.३ आणि २००. म्हणजे तुमच्या गाडीला तिच्या काळाला साजेशी मर्यादा दिली आहे, ती अवघड नाही. ठीक अवस्थेतलं सोलेक्सचं इंजिन तिच्या बरंच खाली येतं.

आता बदलांविषयी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. कलम ५२ मध्येच "बदल" या शब्दाचा अर्थ दिला आहे: वाहनाचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला बदल. आरसीवर इंजिन क्रमांक असतो, क्षमता असते, इंधन असतं. कार्बोरेटर नसतो. माझ्या मते कार्बोरेटर, इग्निशन, प्लग हे दुरुस्ती आणि देखभालीत बसतं. इंजिनच बदलायचं असेल तर मात्र आधी आरटीओची लेखी परवानगी घ्या, बसवून झाल्यावर नाही.

नूतनीकरणाचा खर्चही धरून ठेवा. वीस वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झालं आहे. त्याशिवाय पर्यावरण कर. आणि वैध पीयूसीशिवाय फाईल पुढे सरकत नाही.

कर्वेरोडकर

नानाकाका, तुम्ही म्हणालात तेच. हेड नुसतं साफ करून बसवलं होतं.

कॉम्प्रेशन असं आलं: एक १४०, दोन १३८, तीन ९५, चार १४१. तिसऱ्यात ऑईल घालून ९८. म्हणजे व्हॉल्व्ह.

डेल्कोचा शाफ्टही हलतोय. डोळ्यांना दिसण्याइतका.

आरसीबुक, मनापासून आभार. ही मर्यादा मला कुणी इतकी सरळ सांगितली नव्हती.

लॅम्डा

मी ऑटोमोबाईल शिकवते, आणि घरी १९७९ ची पद्मिनी आहे. तुमचे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत, ते एकत्र करू नका.

सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल. हवा कमी आणि पेट्रोल जास्त असलं की सीओ चढतो. ५.६ म्हणजे मिश्रण चांगलंच रिच आहे, यात शंका नाही. एचसी म्हणजे अजिबात न जळलेलं पेट्रोल. तो रिच मिश्रणानेही थोडा वाढतो, पण दीड हजाराच्या वर जातो तेव्हा बहुधा कुठला तरी सिलिंडर मिसिंग मारत असतो, किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून ताजं मिश्रण सायलेंसरकडे निसटत असतं. तुमच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये नेमकं तेच होतंय.

म्हणून एक ओळखून ठेवा. सीओ जास्त आणि एचसी ठीक, तर कार्बोरेटर पाहा. सीओ कमी आणि एचसी जास्त, तर इग्निशन, व्हॉल्व्ह, किंवा मिश्रण इतकं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) की पेटतच नाही. दोन्ही जास्त असेल तर आधी मिसिंग घालवा आणि मगच मिश्रणाला हात लावा. उलट्या क्रमाने केलंत तर स्क्रू फिरवत दिवस जाईल.

यात आता ई२० ची भर पडली आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण १३.५ पट. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जेटच्या मापाने पूर्वीइतकंच पेट्रोल देतो. म्हणजे १९८६ साली बसवलेल्या जेटवर आज इंजिन जवळजवळ आठ टक्के लीन चालतं. पीयूसीच्या कागदावर सीओ सुंदर दिसतो. पण थंडीत गाडी अडखळते, चढावर गरम होते, आणि आयडलिंगला मधूनमधून एखादा ठोका चुकला की एचसी उडी मारतो. माझ्या सोलेक्सला मी मेन जेट आणि आयडल जेट दोन्ही एकेक पायरी मोठे केले, तेव्हा ती शांत झाली.

एक चांगली बाजूही आहे. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे ८७ ऑक्टेनचं पेट्रोल सर्रास मिळायचं. ई२० ची ऑक्टेन ९५ आहे. म्हणून कॉम्प्रेशन थोडं वाढवायला जागा आहे. हेड उघडताच आहात तर याचा विचार करा, पण मोजून. तुमच्या मूळ बोअरचा एक सिलिंडर २७२ सीसीचा. ८ ला १ साठी वर ३८.९ सीसी जागा लागते, ८.५ ला १ साठी ३६.३. फरक फक्त २.६ सीसी. ब्युरेटने चेंबर मोजल्याशिवाय हेड घासायला देऊ नका. लेथवाला अंदाजाने घासतो आणि मग परत वाढवता येत नाही.

काळीपिवळी

आमच्या घरात तीन पद्मिनी टॅक्सी होत्या, वडाळ्याला. शेवटची २०१८ ला वीस वर्षं भरली म्हणून भंगारात दिली. मुंबईत नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला पासिंग झाली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी आमच्या स्टँडवर कुणी फारसं बोललं नाही.

मला एवढंच सांगायचंय. उन्हाळ्यात दुपारी ट्रॅफिकमध्ये वडील एसी पंपावर (इंजिनाला पेट्रोल देणारा पंप) ओलं फडकं ठेवायचे. पंप एक्झॉस्टच्या आचेने तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. ई२० ला हा त्रास जास्त जाणवतो. मग लोक घाबरून आयडलिंग वाढवून ठेवतात आणि पीयूसी बिघडते. फडक्याऐवजी पंप आणि ब्लॉकच्या मधला जाड पॅकिंगचा तुकडा नवीन टाका, आणि पेट्रोलचा पाईप एक्झॉस्टपासून लांब न्या.

सगळे रबरी पाईप बदला. जुन्या रबराला इथेनॉल लागलं की आतून पापुद्रा सुटतो आणि जेटमध्ये अडकतो. पंपाचा आणि सोलेक्सच्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रामही.

सीएनजी केलीत तर पीयूसीची काळजी राहत नाही, पण डिकी जाते. आमचं सगळं गिऱ्हाइकाचं सामान वरच्या कॅरिअरवर असायचं. घरच्या गाडीला मी सुचवणार नाही.

दूरदेशी

मी मूळचा डोंबिवलीचा, गेली बावीस वर्षं कॅलिफोर्नियात. माझ्याकडे १९७८ ची फियाट १२४ स्पायडर आहे. पद्मिनीची लांबची बहीण म्हणा.

इथे १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणीतून सूट आहे. १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना, अगदी नव्या सोडल्या तर, दर दोन वर्षांनी जावं लागतं. माझी गाडी तीन वर्षांनी चुकली. आमच्या भागात तिला रोलरवर चढवतात आणि ताशी १५ आणि २५ मैलांवर लोड देऊन मोजतात. सीओ, एचसी आणि नायट्रोजन ऑक्साईडही. त्याआधी बॉनेट उघडून पाहणी होते. कार्बोरेटर किंवा मॅनिफोल्ड मूळचा नसेल तर त्यावर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. क्रमांक नसेल तर धूर कितीही स्वच्छ असू दे, नापास.

पहिल्या वर्षी मी कॉम्प्रेशन वाढवलं आणि टायमिंग बरंच पुढे घेतलं. सीओ उत्तम, एचसी उत्तम, नायट्रोजन ऑक्साईड मर्यादेच्या दुप्पट. ज्वलन जितकं तापतं तितका तो वाढतो. टायमिंग चार अंश मागे घेतल्यावर पास झाली.

तुमच्याकडे जुन्या गाडीला फक्त आयडलिंगला मोजतात. त्यामुळे मेन जेट, दुसरा बॅरल, फुल थ्रॉटलचं टायमिंग यातलं काहीच त्या मशीनला दिसत नाही. पास होणं त्यामुळे सोपं आहे. पण घाटात तुमच्या मागे स्कूटरवर जो माणूस असतो तो फुल थ्रॉटलचा धूर घेतो. म्हणून सांगतो, मेहनत घेताच आहात तर सायलेंसरच्या पाईपला एक बंग (सेन्सर बसवायची बोळी) वेल्ड करून वाइडबँड लॅम्डा मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा; एकच्या खाली म्हणजे रिच) लावा आणि चढावर काय जळतंय ते पाहा. मशीन विचारत नाही, तरीही.

नाना_मिस्त्री

दूरदेशी, हे शेवटचं लिहिलंत ते फार आवडलं. आमच्याकडे मीटर नव्हते तेव्हा आम्ही प्लगचा रंग बघायचो. घाट चढून वर थांबायचं, इंजिन तिथंच बंद करायचं आणि प्लग काढायचा. काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. आजच्या पेट्रोलला रंग नीट धरत नाही, त्यामुळे मीटर बराच.

दादा, आता तुझ्या वेबरकडे येतो. माझा अंदाज असा आहे. तिसरा सिलिंडर अर्धाच काम करतो, डेल्को डगमगतो, म्हणून आयडलिंग राहत नव्हतं. ते राहावं म्हणून तुझ्या मिस्त्रीने थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आत घेतला. बरोबर?

वेबरमध्ये आयडलिंगचं पेट्रोल मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून येतं. त्याच्या थोडं वर बारीक भोकांची रांग असते, थ्रॉटल उघडायला लागला की गाडी अडखळू नये म्हणून. स्टॉप स्क्रू जास्त आत गेला की झडप त्या भोकांच्या पलीकडे जाते आणि पेट्रोल तिथून ओढलं जातं. मग मिक्श्चर स्क्रू पूर्ण बंद केला तरी सीओ हलत नाही. माणूस म्हणतो कार्बोरेटर खराब. कार्बोरेटर बिचारा ठीक असतो.

तपासायची पद्धत: स्टॉप स्क्रू पूर्ण सोड, झडपेला जेमतेम टेकव, तिथून आत दीड फेऱ्यांपेक्षा जास्त लागता कामा नये. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने बंद करून दोन फेऱ्या बाहेर. इंजिन गरम करून तिथून बारीक जुळव. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेल्यावरच बरं चालत असेल तर आयडल जेट लहान आहे. एका फेरीच्या आसपास बरं चालत असेल तर मोठा.

फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी धरणाऱ्या तरंगाची, उंचीही मोज. वापरलेला घेतलायस, कुणी काय केलंय माहीत नाही. पितळी फ्लोटला ४१ मिलीमीटर, प्लास्टिकच्या फ्लोटला ३५. आणि ती ॲल्युमिनियमची प्लेट सपाट आहे का, काचेवर ठेवून बघ. तिथून हवा ओढली तर एकीकडे लीन, दुसरीकडे रिच, काहीच जुळणार नाही.

खरं सांगू का, ३२/३६ तुझ्या इंजिनाला मोठाच आहे. तो दीड-दोन लिटरच्या गाड्यांना लावायचा.

लॅम्डा

नानांशी सहमत. फियाटने स्वतः १२८ मॉडेलच्या १११६ सीसीच्या इंजिनाला एका बॅरलचा ३२ मिलीमीटरचा वेबर दिला होता, आणि ते इंजिन पद्मिनीपेक्षा बरंच ताकदवान होतं. तरी ३२/३६ चालवता येतो, कारण त्याचा दुसरा बॅरल पेडल अर्ध्याच्या पुढे गेल्यावरच उघडतो. आयडलिंगला आणि शहरात तुम्ही फक्त पहिल्या बॅरलवर असता. जेट लहान करावे लागतील, एवढंच. मोठ्या इंजिनासाठी बसवलेले जेट तसेच ठेवले तर रिच होणारच.

नवाकोरा_वैमानिक

मी या विषयात नवीन आहे, चुकलं तर सांगा. ११८ एनईचं इंजिन का बसवत नाही? ११७१ सीसी, निस्सानचं, ५२ अश्वशक्ती, त्याच कंपनीची गाडी. सुटे भागही मिळतात असं ऐकलंय.

आरसीबुक

इंजिन सुंदर आहे, प्रश्न त्याचा नाही. आरसीवर इंजिन क्रमांक आणि क्षमता दोन्ही बदलतात. आधी परवानगी, मग त्या इंजिनाची खरेदीची कागदपत्रं, ते ज्या गाडीचं होतं तिची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, मग तपासणी. भंगारवाल्याकडून बिनकागदाचं इंजिन घेतलंत तर उद्या ते चोरीच्या गाडीचं निघू शकतं. अशा दोन फायली मी पाहिल्या आहेत, दोन्ही मालकांची गाडी वर्षभर उभी राहिली.

कर्वेरोडकर, तुमच्यासाठी आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या खाजगी दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. "व्हीए" अक्षरांचा क्रमांक मिळतो, नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, आणि ती गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुमची गाडी २०३६ मध्ये पन्नास वर्षांची होईल. तोपर्यंत काय ठरेल कोण सांगणार, पण जे काढाल ते फेकू नका. सोलेक्स, मूळ डेल्को, एअर फिल्टरचा डबा, नट-बोल्टसुद्धा.

कर्वेरोडकर

तीन आठवडे लागले, म्हणून उशीर झाला. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून सांगितलंत.

हेड उतरवलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळून खाच पडली होती, आणि आठपैकी पाच गाईड ढिले. सगळे गाईड नवे टाकले, चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, सीट कापून घेतल्या. लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं) मी स्वतः केलं, मिस्त्रींच्या शेजारी बसून, दोन संध्याकाळी. रॉकेल ओतून ठेवलं, रात्रभर एक थेंब खाली आला नाही.

हेड घासायच्या आधी ब्युरेटने चेंबर मोजले. चारमध्ये जवळजवळ दोन सीसीचा फरक निघाला, कधीतरी कुणीतरी तिरकं घासलं असावं. लॅम्डाताई, तुम्ही मोजायला सांगितलं नसतं तर मी ते आणखी बिघडवलं असतं. सरळ करण्यापुरतं घासलं, मुद्दाम कॉम्प्रेशन वाढवायला नाही. त्यानंतर पुशरॉड थोडे उंच पडले म्हणून टॅपेट पुन्हा लावावे लागले.

डेल्कोला नवीन बुश लेथवर करून घेतलं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, पॉइंट आणि कंडेन्सर डबीत ठेवलेत.

कार्बोरेटरबद्दल नानाकाकांचा अंदाज अगदी तंतोतंत. स्टॉप स्क्रू साडेतीन फेऱ्या आत होता! पितळी फ्लोट ३७ वर होता, ४१ वर आणला. प्लेट काचेवर ठेवली तर मधोमध पोकळी, कागद सरकत होता. ती पुन्हा सपाट करून घेतली.

मग मला एक गोष्ट करून बघायची होती. वेबर बाजूला ठेवून मूळ सोलेक्स साफ केला, नवा डायफ्राम घातला आणि तो बसवून आधी चालवलं. खंबाटकी तिसऱ्या गिअरवर चढली. चार माणसं, सोलेक्स, आणि तिसरा गिअर. मी घाटाच्या वर गाडी थांबवून थोडा वेळ नुसता बसलो. इतके दिवस मी कार्बोरेटरला जे मागत होतो ते हेडमध्ये आणि डेल्कोत अडकलेलं होतं.

सोलेक्सवर पीयूसीच्या यंत्रात सीओ १.३, एचसी ४१०. दुसऱ्या केंद्रात गेलो होतो, तिथल्या बाईंनी पाईप पूर्ण आत घालून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून घेतलं.

पुढच्या शनिवारी वेबर चढवला. पहिल्या बॅरलचा आयडल जेट एक पायरी खाली, मेन जेट दोन पायऱ्या खाली. त्याच केंद्रात सीओ २.१, एचसी ५६०. पास. प्रमाणपत्र वेबरवरच घेतलं, कारण गाडी त्याच्यावरच चालणार आहे.

नाना_मिस्त्री

शाब्बास. रॉकेल रात्रभर थांबलं म्हणालास तिथेच मला कळलं होतं.

नवीन रिंगा अजून बसायच्यात. हजार किलोमीटर झाल्यावर टॅपेट पुन्हा बघ, हेडचे नट कंपनीच्या पुस्तकातल्या क्रमाने आवळ, आणि ऑईल बदल. तेव्हा एचसी आणखी शंभरेक उतरलेला दिसेल.

दूरदेशी

आणि चढावर? मीटर लावला का?

कर्वेरोडकर

लावला. एका मित्राकडून आठवड्यासाठी आणलाय. फुल थ्रॉटलला दुसरा बॅरल उघडला की लॅम्डा ०.७८ पर्यंत खाली जातोय, म्हणजे घाटात अजून बरंच रिच आहे. पीयूसीचं यंत्र ते कधीच बघणार नाही, पण मी पाहिलंय, आणि मागे स्कूटरवाला असतोच.

दुसऱ्या बॅरलचा मेन जेट १४० आहे. १३०, १२५ आणि १२० मागवलेत. कुणाकडे याच आकाराच्या इंजिनावर ई२० घालून चालवलेला अनुभव असेल तर आकडा सांगा. आई पुढच्या शनिवारी साताऱ्याला जायचं म्हणतेय, त्याच्या आत १३० तरी बसवून बघतो. मूळ सोलेक्स तेलाचा हात देऊन, कापडात गुंडाळून बाबांच्या ट्रंकेत ठेवलाय, वर चिठ्ठी लावली आहे: २०३६.